नागवेल एकबीजपत्री की द्विबीजपत्री? पानाच्या छेदावरून पडलेले काही प्रश्न

प्रश्न – तिसरे वर्ष वनस्पतिशास्त्र, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. एखाद्या वेलीच्या पानाचा आडवा छेद घेऊन त्याचे वर्णन आणि वर्गीकरण लिहायचे, असे काम आम्हाला प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी दिले होते. मी नागवेल निवडली. तिचे पान बारा महिने मिळते, ते हाताळायला बऱ्यापैकी भरीव असते आणि सीताबर्डीवरच्या पानठेल्यावर कपुरी या वाणाच्या पानांची छोटी गड्डी सहज मिळाली, एवढाच विचार त्यामागे होता. पण छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यापासून जे प्रश्न सुरू झाले, ते वही तपासून परत आल्यावरही सुटलेले नाहीत.

मला जे दिसले ते आधी सांगते. वरच्या बाजूला अपित्वचेचा, म्हणजे पानाच्या बाहेरच्या त्वचेचा, एकच, लहान पेशींचा थर आहे आणि त्यावर क्युटिकलचे पातळ, मेणचट आवरण आहे. त्याखाली लगेच हिरव्या पेशी येतील अशी माझी अपेक्षा होती, परंतु तेथे मोठ्या, स्वच्छ, पाण्याने भरल्यासारख्या रंगहीन पेशींचे दोन थर आहेत. शिरेजवळ तिसराही असल्याचा भास होतो. त्यानंतर आखूड पॅलिसेड पेशींची (उभ्या हिरव्या पेशींची) एक ओळ, मग हवेच्या जागा असलेला सैल स्पॉन्जी भाग, आणि खालच्या अपित्वचेला लागून पुन्हा रंगहीन पेशींचा एक थर. मधूनच एखादी गोल पेशी दिसते आणि तिच्यात पिवळसर, चकाकणारा थेंब असतो. पर्णरंध्रे मला फक्त खालच्या बाजूला सापडली.

त्या रंगहीन थरांना मी ‘बहुस्तरीय अपित्वचा’ म्हटले, कारण वडाच्या पानात आम्ही तसेच शिकलो होतो. तपासणाऱ्यांनी ते लाल शाईने खोडून ‘अधस्त्वचा’ असे लिहिले. कारण मात्र लिहिले नाही. दोन्ही प्रकारांत अपित्वचेखाली रंगहीन पेशीच दिसत असतील, तर एकाला एक नाव आणि दुसऱ्याला दुसरे, हे नेमके कशावरून ठरवायचे?

दुसरी अडचण वर्गीकरणाची आहे. नागवेलीच्या पानात देठाजवळून पाच ते सात शिरा निघतात आणि कमानीसारख्या वाकून टोकाकडे जातात, त्यामुळे माझी मैत्रीण तिला एकबीजपत्रीच म्हणत होती. खात्री करण्यासाठी मी शेजारच्या काकूंच्या अंगणातल्या वेलीचे कोवळे खोड कापून पाहिले, तर गोंधळ आणखी वाढला. वाहिन्यांच्या जुड्या एका कड्यात नाहीत. एक कडे परिघाजवळ आहे आणि दुसरे आत, मगजात (खोडाच्या मऊ गाभ्यात). वहीत मी ‘द्विबीजपत्री’ लिहिले आणि ते बरोबर धरले गेले. तोंडी परीक्षेला मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, नव्या पद्धतीनुसार नागवेल द्विबीजपत्रीही नाही आणि एकबीजपत्रीही नाही, असे सांगितले आणि पुढचा रोल नंबर पुकारला. बिया असलेल्या फुलझाडाला या दोहोंपैकी एकही घर नसावे, हे मला पटवून घेता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ – निवृत्त शिक्षक, धरमपेठ

तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि ज्या दोन ठिकाणी तुम्ही अडलात ती दोन्ही ठिकाणे खरोखरच अडण्यासारखी आहेत. मी तीसहून अधिक वर्षे हा विषय शिकवला आणि नागवेलीचा छेद दर वर्षी मुलांसमोर ठेवला, तो याच कारणासाठी.

आधी त्या रंगहीन थरांविषयी. बहुस्तरीय अपित्वचा आणि अधस्त्वचा, म्हणजे ज्याला आपण प्रयोगशाळेत हायपोडर्मिस म्हणतो, यांच्यातील फरक त्या पेशींच्या जन्माचा आहे. पूर्ण वाढलेल्या पानातल्या दिसण्याचा तो नाही. कोवळ्या पर्णकळीत पानाच्या सर्वांत बाहेरच्या आद्य थराच्या पेशी पृष्ठभागाला समांतर भिंती घालून विभागल्या आणि एका थराचे दोन-तीन थर झाले, तर ते सर्व थर अपित्वचेचेच. मग त्यांतले आतले थर कितीही मोठे आणि पाणीदार असोत. वड, रबराचे झाड आणि नागवेलीच्याच कुलातील पेपेरोमिया या कुंडीतल्या झाडाची पाने ही त्याची नेहमीची उदाहरणे. याउलट, बाहेरचा थर एकपदरीच राहिला आणि त्याखालच्या मूळ ऊतीतून रंगहीन पेशी तयार झाल्या, तर ती अधस्त्वचा. नागवेलीच्या वर्णनांत हा थर अधस्त्वचा म्हणूनच नोंदवला जातो, त्यामुळे तुमची वही तपासणाऱ्यांनी केलेली दुरुस्ती प्रचलित वर्णनाला धरून आहे. परंतु एक गोष्ट मी स्पष्टपणे म्हणेन: पूर्ण वाढलेल्या पानाचा एक छेद पाहून हा निर्णय तुम्हालाही करता येत नव्हता आणि त्यांनाही. कारण न सांगता लाल रेघ मारली गेली, तेव्हा शिकण्यासारखी खरी गोष्ट बाजूला राहिली, याचे मला वाईट वाटते.

वडाच्या बाबतीत आणखी एक खूण हाताशी असते. त्याच्या अपित्वचेतील काही पेशी आत खोलवर वाढतात आणि त्यांत चुन्याचा द्राक्षाच्या घोसासारखा खडा लोंबत असतो. नागवेलीत तसा खडा तुम्हाला दिसणार नाही.

हा थर तेथे असतो कशासाठी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो विचारायला हवा. पुस्तकात कण्हेरीचे पान शिकल्यावर आपल्या मनात रंगहीन थर आणि कोरडी हवा यांची जोडी पक्की बसते. नागवेल तर मूळची मलेशियाकडच्या दमट प्रदेशातली, सावलीत झाडावर चढणारी वेल आहे. तरीही तिला साठा लागतो, कारण वर चढलेल्या वेलीच्या पानाला खालून पाणी पोचायला वेळ लागतो आणि मधूनच झाडाच्या शेंड्यातून उन्हाचा पट्टा थेट पानावर पडतो. अशा वेळी या मोठ्या पेशी आपले पाणी देऊन आकसतात आणि हिरव्या पेशी ताठ राहतात. पेपेरोमियामध्ये हे फार स्पष्ट दिसते: पाणी तोडले की रंगहीन थर निम्म्यावर येतो आणि पॅलिसेड जवळजवळ जसेच्या तसे राहते. नागवेलीत हे प्रमाण कमी असले तरी काम त्याच जातीचे आहे.

आता खोडाकडे वळू. मगजात जुड्या दिसल्या म्हणून एकबीजपत्री, ही घाई मी कित्येक हुशार मुलांना करताना पाहिले आहे. मक्याच्या किंवा गवताच्या खोडातील एक जुडी आणि नागवेलीच्या खोडातील एक जुडी शेजारी शेजारी ठेवून पाहा. मक्याच्या जुडीत जलवाहिनी आणि रसवाहिनी यांच्यामध्ये वाढणारा थर, म्हणजे एधा, नसतो. ती जुडी बंद झालेली असते. नागवेलीच्या जुड्या उघड्या आहेत. बाहेरच्या कड्यात तर खोड जून होऊ लागल्यावर हा वाढणारा थर जुड्यांच्या मधल्या जागेतही पसरतो. बाहेरच्या कड्याच्या आतल्या अंगाला दृढ पेशींचा नागमोडी पट्टा असतो, तो सॅफ्रानिन या रंगद्रव्याने लालभडक रंगतो. त्याच्या आत मगजातील जुड्या आणि अगदी मध्यभागी चिकट द्रवाची एक नळी. पेरापाशी दोन्ही कड्यांतील जुड्या एकमेकींना मिळतात. मगजात जुड्या असणे ही मिरी कुलाची ओळख आहे आणि ती मका किंवा बांबू यांच्या विखुरलेल्या जुड्यांची नक्कल नाही.

शिरांचेही तसेच. केळीच्या किंवा गवताच्या पानात मुख्य शिरांमधून निघणाऱ्या बारीक शिराही शिस्तीत समांतर धावतात. नागवेलीचे पान खिडकीच्या उजेडासमोर धरा. कमानीसारख्या सात शिरांच्या मध्ये जे दिसेल ते जाळे आहे, आणि ते अतिशय बारीक व अनियमित आहे.

मग नागवेल द्विबीजपत्री का नाही? येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या गोंधळाची किल्ली येथेच आहे. बीमध्ये दोन बीजपत्रे असणे हे एक लक्षण आहे. नागवेलीच्या, मिरीच्या, पिंपळीच्या बीमध्ये भ्रूण अगदी इवलासा असतो, पण त्याला बीजपत्रे दोनच असतात. म्हणून ‘द्विबीजपत्री’ हा शब्द विशेषण म्हणून तिला लावला तर त्यात काहीही चूक नाही. ‘द्विबीजपत्री वर्ग’ असे म्हटले की मात्र आपण वंशावळीविषयी विधान करतो. दोन बीजपत्रे असलेली सर्व झाडे एकाच पूर्वजाची आहेत आणि एकबीजपत्री झाडे त्या घराबाहेरची आहेत, असा त्याचा अर्थ होतो. तो अर्थ टिकला नाही. दोन बीजपत्रे ही फुलझाडांमधली जुनी, मूळची अवस्था आहे. एक बीजपत्र ही त्यातून पुढे एका शाखेत आलेली नवी गोष्ट. एखाद्या मोठ्या घराण्यातील एका शाखेने आडनाव बदलले, म्हणून जुने आडनाव लावणारे उरलेले सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ ठरत नाहीत.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने १७५३ साली नागवेल, मिरी आणि पिंपळी या तिन्हींना पायपर या एकाच प्रजातीत ठेवले आणि नागवेलीला पायपर बीटल हे नाव दिले. (प्रजाती हा शब्द मी येथे विश्वकोशातील जुन्या अर्थाने, म्हणजे अनेक जातींच्या गटासाठी वापरतो आहे, आजकाल वर्तमानपत्रांत तो जातीसाठी वापरतात आणि त्यामुळे विद्यार्थ्यांची फार ओढाताण होते.) बेंथम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ या काळातील पद्धतीत हे कुल द्विबीजपत्री वर्गात, पाकळ्यांचे वेगळे वलय नसलेल्या झाडांच्या विभागात आणि त्यातही सूक्ष्म भ्रूण असलेल्यांच्या मालिकेत बसवलेले आहे. आपल्याकडे प्रात्यक्षिकात अजून हीच पद्धत वापरतात, कारण हातात फांदी घेऊन कुल शोधायला ती सोयीची आहे. १९९८ पासून ए.पी.जी. (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप, वनस्पतिशास्त्रज्ञांचा एक गट) नावाने येणाऱ्या वर्गीकरणात, ज्याची चौथी आवृत्ती २०१६ ची आहे, डीएनएच्या आधारे शाखा ठरवल्या गेल्या आणि मिरी गण, म्हणजे मिरी कुल ज्यात येते तो मोठा गट, मॅग्नोलिड नावाच्या स्वतंत्र शाखेत गेला. ही शाखा एकबीजपत्रींच्या घरात नाही आणि सूर्यफूल, तूर, आंबा, कापूस ज्या खऱ्या द्विबीजपत्रींच्या घरात आहेत तेथेही नाही.

हे केवळ डीएनएच्या तक्त्यावर मानायचे असे नाही. परागकण पाहा. खऱ्या द्विबीजपत्रींच्या परागकणावर मुळात तीन खाचा असतात. मिरी कुलातील परागकणावर, एकबीजपत्रींप्रमाणेच, एक खाच असते. आणि पुरावा तुमच्या छेदातही होता. त्या गोल पेशीतील पिवळसर थेंबाकडे पुन्हा या. ती तैलपेशी आहे. शेजारच्या पेशींपासून वेगळी पडलेली, स्वतःच्या भिंतीत सुगंधी तेल कोंडून ठेवणारी एकटी पेशी, ही मॅग्नोलिड शाखेची घरगुती खूण आहे. सोनचाफा, सीताफळ, जायफळ, दालचिनी, तमालपत्र या सर्वांच्या पानांत ती सापडते, आणि ही सर्व झाडे त्याच शाखेतली आहेत. विड्यात जायफळ घालतो तेव्हा पान आणि जायफळ हे दूरचे का होईना, पण नातेवाईक असतात. लवंग मात्र नाही. नागवेलीच्या तेलातही लवंगेतले युजेनॉल असते, त्यामुळे वास जवळचा वाटतो. पण लवंगेचे तेल अनेक पेशींनी वेढलेल्या पोकळीत साठते, एका पेशीत नव्हे. ती जांभळाच्या कुलातली आहे. वास एक आणि कोठार वेगळे, हे ज्याने स्वतः छेदात पाहिले त्याला वर्गीकरण पाठ करावे लागत नाही.

उत्तर २ – पानमळा, रामटेक

सरांचे उत्तर दोनदा वाचले. मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही, पण आमच्या घरी तीन पिढ्या पानमळा आहे आणि ताईंच्या प्रश्नातील एका गोष्टीविषयी मळ्यातला अनुभव सांगावासा वाटतो.

ताई, तुम्ही बाजारातून आणलेल्या गड्डीतली पाने एकाच जागेची असतील असे धरू नका. वेल शेवरीवर सरळ वर चढते, तिच्या प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात आणि त्या सालीला घट्ट धरून बसतात. या उभ्या वेलीवरची पाने मोठी आणि बुडाशी दोन्ही बाजूंनी सारखी, हृदयाच्या आकाराची असतात. तिच्या बगलेतून आडव्या फांद्या निघतात. त्यांना मुळ्या नसतात, त्यांची पाने लहान असतात आणि बुडाशी एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली असते. माझे आजोबा पान हातात घेताच ते उभ्या वेलीचे की फांदीचे, हे बुडाकडे बघून सांगत. एका वेलीवर दोन तऱ्हेची पाने असतात हे माहीत नसेल, तर वर्णन लिहिताना एकाच झाडाच्या दोन जाती केल्या जातील. छेदासाठी पान कोठून घेतले हे वहीत लिहावे, असे मला वाटते.

दुसरे असे की बनारसी म्हणून जे पिवळसर पान विकले जाते ते उष्णता देऊन पिकवलेले असते, त्याचा हिरवा रंग मुद्दाम घालवलेला असतो. छेदासाठी ते घेऊ नये. कपुरी हिरवे विकले जाते, म्हणून तुमची निवड चांगली झाली.

सरांनी रंगहीन पेशींत पाणी असते असे लिहिले, ते वाचून नवतप्यातला मळा आठवला. नागपूर-रामटेकचे ऊन पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा मळ्याच्या आत पाऊल टाकले तरी गार वाटते, कारण वरून सावली, बाजूने ताट्या आणि खाली सततची ओल असते. एखादी ताटी वाऱ्याने पडली आणि दुपारभर त्या भागात ऊन आले, तर पान लगेच करपत नाही. आधी ते लुळे पडते, हातात घेतले तर पातळ लागते; संध्याकाळी पाणी दिले की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. पातळ लागणे हा शब्द मी नेहमीच्या बोलण्यात वापरत होतो. पानाच्या आतला थर खरोखर आकसत असेल, असे कधी मनात आले नव्हते.

फुलांविषयी एक विचारायचे आहे. आमच्या मळ्यात वेलीला फूल आलेले मी फारच क्वचित पाहिले आणि बी तर कधीच नाही. लागवड नेहमी कांडीने होते. मग कपुरी, बंगला, मघई या वेगवेगळ्या जाती झाल्या कशा? माझी मावशी अंजनगाव सुर्जीला राहते. तिकडे पानपिंपरीचे पीक घेतात. ती वेल पानावरून नागवेलीची बहीण वाटते, पण तिच्या शेंड्याकडच्या पानांना देठच नसतो, पान खोडाला मिठी मारून बसते.

उत्तर ३ – निवृत्त शिक्षक, धरमपेठ

रामटेकच्या दादांनी जे लिहिले ते माझ्या उत्तरात यायला हवे होते. उभ्या वेलीची पाने आणि फांदीची पाने यांतील हा फरक मिरीतही असतो आणि वर्गीकरणात त्याने पूर्वी बराच घोळ केलेला आहे.

फुलांविषयी: नागवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. मळ्यातली लागवड कांडीने होत असल्याने एका मळ्यातील सर्व वेली साधारणपणे एकाच मूळ वेलीचे तुकडे असतात आणि म्हणून एकाच लिंगाच्या. कपुरी गटातील वेली नर आणि बंगला गटातील मादी असल्याचे लखनौमधील संशोधनात नोंदवले गेले आहे. जोडीदार शेजारी नाही, शिवाय पाने सतत खुडली जातात, मग बी धरणार कसे? कपुरी, बंगला, देशावरी, मीठा, सांची हे सर्व एकाच जातीतील वाण आहेत, निरनिराळ्या जाती नव्हेत. त्यांच्यातील चवीचा फरक त्याच तैलपेशींतील तेलाच्या घटकांचा आहे.

पानपिंपरी, म्हणजेच पिंपळी, ही खरोखरच बहीण आहे आणि तुम्ही सांगितलेली देठ नसलेली पाने ही तिची पक्की खूण. या दोघींची फळे मांसल दांड्यात एकमेकांना चिकटलेली असतात. मिरीचे दाणे मात्र दांड्यावर सुटे असतात. या फरकावरून डच वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेल यांनी १८४० च्या दशकात नागवेल आणि पिंपळी यांना पायपरमधून काढून चॅविका नावाच्या नव्या प्रजातीत टाकले होते. ते नाव आपल्या आयुर्वेदातील चविकेवरून आलेले आहे. पुढे ती वेगळी प्रजाती कोणी मानेनाशी झाली आणि नागवेल पुन्हा पायपरमध्ये परतली. परंतु तिच्या तेलातील चॅविकॉल आणि चॅविबेटॉल या घटकांच्या नावांत ते जुने नाव आजही टिकून आहे. आज पायपर प्रजातीत सुमारे २००० जाती मानल्या जातात, आणि वेगळी काढलेली बहुतेक छोटी घरे तिच्यात पुन्हा सामावली गेली आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर – तिसरे वर्ष वनस्पतिशास्त्र, नागपूर

सर आणि दादा, मनापासून आभार. काल पान उजेडासमोर धरून पाहिले. सात शिरांपैकी सर्वांत आतली जोडी देठाच्या टोकापासून निघतच नाही, मधल्या शिरेवर एक-दीड सेंटिमीटर वर जाऊन मग फुटते, हे इतके दिवस माझ्या लक्षात आले नव्हते. मधले जाळेही स्पष्ट दिसले.

माझ्याकडची पाने दादांनी सांगितलेल्या खुणेवर तपासली, तर गड्डीतील बहुतेक पानांचे बूड तिरके आहे. म्हणजे मी फांदीच्या पानाचे छेद घेतले होते आणि वहीत आकृती काढताना पुस्तकातले सरळ बुडाचे पान काढले. ती आकृती मी बदलणार आहे.

आता दोन गोष्टी विचारते. कळीचा छेद घेऊन रंगहीन थर कोठून येतो हे पाहायचे असेल, तर ते हाताने जमेल का? आणि एका वर्गमित्राने घरच्या मनीप्लांटच्या पानाचा छेद नागवेल समजून घेतला आहे. वरून दोन्ही पाने सारखी दिसतात. छेदावरून त्याला त्याची चूक कशी दाखवावी?

उत्तर ४ – छेदपट्टी

मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा साहाय्यक आहे आणि माझे बहुतेक काम पात्या, बटाटे आणि रंगांच्या बाटल्या यांच्यातच चालते, म्हणून कृतीपुरते सांगतो.

मनीप्लांटचे आधी. ते अळूच्या कुलातले, म्हणजे खरेखुरे एकबीजपत्री आहे आणि मूळचे पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरचे. छेद घेण्यापूर्वी देठ पाहायला सांगा: त्याचा देठ खाली पन्हळीसारखा खोलगट होऊन खोडाला वेढतो, आणि मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात. छेदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे दिसतील आणि लांब, जाड भिंतीच्या दोऱ्यासारख्या दृढ पेशी हवेच्या जागांमधून गेलेल्या दिसतील. या सुया तोंडाला आणि हाताला टोचतात, तेव्हा पान चावून पाहू नका. तैलपेशी त्यात नसतात. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे दोन्ही पाने बोटांत चुरडून वास घेणे.

याच ओघात गुळवेलीचीही गल्लत होते, कारण तिचे पानही हृदयाकृती असून शिरा बुडापासून निघतात. तिच्या खोडाचा छेद बैलगाडीच्या चाकासारखा दिसतो, रुंद आऱ्यांनी विभागलेला. ती खऱ्या द्विबीजपत्रींतली आहे. नागवेल, मनीप्लांट आणि गुळवेल या तिघींचे छेद एकाच काचेवर शेजारी ठेवले, तर सरांनी सांगितलेल्या तिन्ही शाखा एका नजरेत येतात. आमच्याकडे मी अशी पट्टी करून ठेवली आहे आणि ती दर वर्षी उपयोगी पडते.

कळीचा छेद हाताने जमतो, पण धीर लागतो. बाजारातल्या पानाला कळी नसते, ती काकूंच्या वेलीवरूनच घ्यावी लागेल. शेंड्याला टोकदार आवरणात गुंडाळलेले पान असते. ते आवरण सुईने सोडवून आतले, अजून न उलगडलेले, नखाएवढे पान घ्या. कोवळ्या पानाच्या खालच्या अंगावर किंवा देठावर बारीक पारदर्शक मणी दिसले, तर किडीची अंडी समजून ती कळी टाकून देऊ नका. या प्रजातीत मोत्यासारख्या अशा ग्रंथी असतात आणि बोट लावले की गळून पडतात.

बटाटा कोवळ्या पानाला जड जातो, तो पान चेपतो. गाजराच्या मधल्या भागाचा बोटभर तुकडा घेऊन त्याला उभी चीर द्या, चिरेत पान सरळ बसवा, तुकडा पाण्यात बुडवा आणि नवी पाती ओली करून आपल्याकडे एकाच ओढीत आणा. करवतीसारखी पाती पुढेमागे करू नका, त्याने रंगहीन पेशी फाटतात आणि थर किती हे मोजता येत नाही. वीस-पंचवीस छेद घेतले तर त्यांतले दोन कामाचे निघतात. ते सॅफ्रानिनमध्ये अगदी थोडा वेळ ठेवा, कारण कोवळ्या भिंती लवकर गडद होतात. मग ग्लिसरीनमध्ये बसवा. तैलपेशींसाठी वेगळा छेद घ्या आणि त्याला सुदान तीन हा तेल रंगवणारा रंग लावा. थेंब नारिंगी-लाल होतो. या छेदाला अल्कोहोलने जास्त धुऊ नका, नाहीतर तेलच निघून जाईल आणि रिकामी गोल पेशी उरेल.

पाहायचे ते एवढेच: सर्वांत बाहेरच्या थरात नव्या भिंती पृष्ठभागाला उभ्या पडताहेत की आडव्या. सगळ्या उभ्या असतील आणि रंगहीन पेशी खालच्या थरातून फुगत असतील, तर तो अधस्त्वचेचा पुरावा झाला. आडवी भिंत एका पेशीत जरी दिसली तरी ती आकृतीत काढा, कोणत्या कळीतून, शेंड्यापासून कितव्या पानातून घेतली ते शेजारी लिहा, आणि तो छेद टाकून देऊ नका. काचेच्या कडांना नखरंग लावून बंद केला तर आठवडाभर चांगला राहतो.